इवलीला मोठं करण्याचा अर्ज

आधीच सांगते, मध्ये कुणी हसायचं नाही. हसायचं ते शेवटी, सगळ्यांनी मिळून. कारण दोनशे चौदा माणसांना मी एका कागदावर नको ती हमी द्यायला लावलीये, आणि त्यांतल्या निम्म्या माणसांना मी रोज जिन्यात भेटते.

तुम्ही बुधवारची ती मालिका बघता ना? बघत नाही म्हणू नका. सगळे बघतात आणि सगळे "नाही हो, घरात लावलेली असते" म्हणतात. पाच जणांची टोळी. एक उडतो, एक ट्रक उचलतो, एकाच्या हातातून आग निघते, एकीला दुसऱ्याच्या मनातलं कळतं, आणि पाचवी इवली. इवली काय करते? लहान होते. बस्स. म्हणजे शत्रू समोरून रणगाडा घेऊन येतोय, बाकीचे चौघे छाती पुढे काढून उभे, आणि आमची ही बया अंगठ्याएवढी होऊन कुणाच्या तरी खिशात.

मी पहिल्या भागापासून इवलीची. का ते विचारू नका, काही माणसं आवडतात. पण माझ्या मनात तिच्याबद्दल एक ठुसठुस होती. सत्ताविसाव्या भागात तर कहर झाला. पुलावरची लढाई, पाऊण तासाचा भाग, आणि इवली अख्खा वेळ उडत्याच्या वरच्या खिशात बसून! एक वाक्य बोलली. "सांभाळून," म्हणाली. कुणाला? खिशाला?

आमचा चाहत्यांचा ग्रुप आहे फोनवर, त्या दिवशी तिथे आग लागली. एक जण म्हणे, लहान झाल्यावर हिचं वजन कुठे जातं ते आधी सांगा. दुसरी म्हणे, वजनाचं सोडा, चपला कशा लहान होतात? त्यावर तिघांनी चपलांचा हिशेब मांडला, त्यात एकाने आकृती काढली. आणि तो 'पोलादी' नावाने लिहिणारा, ग्रुपवरचा माझा जन्माचा वैरी, त्याने फक्त एवढंच लिहिलं, "ती टोळीत आहे की खिशात?" एकशे बारा जणांनी त्याला अंगठा दाखवला. वर केलेला अंगठा. आणि इवली त्या अंगठ्याएवढी. मला ते इतकं लागलं म्हणून सांगू! माझ्याबद्दल बोलल्यासारखं.

मग मी ठरवलं, नुसतं ग्रुपवर रडायचं नाही, अर्ज करायचा. वाहिनीचं ऑफिस गावातच आहे. आणि अर्ज या विषयात मला कुणी शिकवू नये. मी नगरपालिकेत जन्मनोंदणीच्या खिडकीत बसते. मी हंगामी आहे, पण खिडकी पक्की आहे. कुणाच्या दाखल्यावर नाव चुकलं, तारीख चुकली, की दुरुस्तीचा अर्ज माझ्याकडे येतो. दिवसाला तीस-तीस अर्ज. झोपेत उठवलं तरी मी "विषय" लिहून "महोदय"वर येते.

तसाच लिहिला. "विषय : इवली हिच्या आकारमानात दुरुस्ती करणेबाबत." खाली सगळं मुद्देसूद. बाकीचे चौघे मोठमोठी कामं करतात, एकट्या बाईला तेवढं लहान करून खिशात घालणं अन्यायाचं आहे, सबब इवलीस मोठी होण्याची शक्ती देण्यात यावी. लिहून झाल्यावर हात आपोआप खाली गेला आणि रोजच्या सवयीने शेवटची ओळ लिहून मोकळा झाला. ती ओळ आमच्या प्रत्येक दुरुस्तीच्या अर्जावर असते. "वरील दुरुस्ती कायमस्वरूपी समजावी, पुन्हा बदल मागणार नाही याची आम्ही हमी देतो." मी ती वाचलीसुद्धा नाही. तुम्ही स्वतःची सही वाचता का? तसं.

आता सह्या. मला वाटलं होतं पंधरा-वीस जमतील. इमारतीतून सुरुवात केली आणि पहिल्याच मजल्यावर सेक्रेटरीकाकांनी अडवलं.

"असं परस्पर चालत नाही," काका म्हणाले. "इमारतीतल्या सगळ्यांच्या सह्या म्हणजे इमारतीची भूमिका झाली. सभेपुढे विषय ठेव."

"काका, टीव्हीवरच्या बाईबद्दल आहे हो."

"म्हणून काय झालं? शिस्त नको?"

ठेवला विषय. रविवारी सभेत पाऊण तास पार्किंग झालं, मग इवली आली. सगळे "आमच्या घरात लावलेली असते" म्हणणारे लोक, पण एकेक असं बोलायला लागला, जणू इवली तिसऱ्या मजल्यावरच राहते. काकांनी हरकत घेतली. "मोठी करा म्हणजे किती मोठी? ठरावात आकडा हवा. आकड्याशिवाय मागणी म्हणजे हवेत गोळीबार." कुणी म्हणे वीस फूट, कुणी म्हणे झाडाएवढी. शेवटी साडेनऊ फूट ठरली. का, तर आमच्या जिन्यात छत दहा फुटांवर आहे, आणि काका म्हणाले, उगाच डोकं आपटायला नको.

तळमजल्यावरच्या काकूंनी सही करायला पेन उचललं आणि खाली ठेवलं. "त्यात लिही, केस बांध म्हणावं तिला. एवढी मारामारी करायची आणि केस मोकळे सोडून! डोळ्यात नाही का जात?" लिहिलं. ऑफिसातल्यांनी सह्या केल्या, त्यांच्या घरच्यांनी केल्या, ग्रुपमधल्या गावातल्या सगळ्यांनी केल्या. पोलादीने तर घरी कागद मागवून घेतला आणि सहीपुढे दोन उद्गारचिन्हं देऊन परत पाठवला. आईने फोडणीवरून नजर न हलवता डाव्या हाताने केली.

शेवटी उरले बाबा.

माझे बाबा घड्याळं दुरुस्त करतात. त्यांचं दुकान म्हणजे दोन मोठ्या दुकानांच्या मधली फट आहे, तिला शटर लावलंय इतकंच. बाबा आईच्या खांद्याला लागतात, बोलायला तर त्याहून कमी. दिवसभर डोळ्याला भिंग, हातात चिमटा. घरी आले की हो, नाही, आणि मीठ कमी आहे. पण बुधवारी आठच्या ठोक्याला ते हातपाय धुऊन त्यांच्या खुर्चीत, मी खाली जमिनीवर त्यांच्या पायाशी, आणि मालिका सुरू. मी नोकरीला लागल्यापासून आम्हा दोघांचा एकत्र असा हाच एक तास. बोलत काही नाही. अख्ख्या मालिकेत बाबा एकदा बोललेत. सोळाव्या भागात इवली एका जुन्या रेडिओच्या आत शिरली, तेव्हा म्हणाले, "गंज बरोबर दाखवलाय." मी आठवडाभर ऑफिसात सांगत होते, बाबा बोलले, बाबा बोलले.

तर मी दुकानात गेले. बाबांनी भिंगातून वर न बघता विचारलं, "काय आहे?"

"अर्ज आहे. सही हवीये."

"तू लिहिलायस?"

"हो."

"मग बरोबरच असेल," म्हणाले, आणि चिमटा न सोडता दोन बोटांत पेन धरून एवढीशी सही केली. दोनशे चौदावी.

वाहिनीच्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर "प्रेक्षक संपर्क कक्ष" आहे. काच, काचेला खाली अर्धगोल भोक. भोक इतकं खाली की बोलायला वाकावंच लागतं. आमच्याकडेही तसंच आहे, पण मी ते आतून बघितलेलं, बाहेरून कधी नाही. आत साखळीचा चष्मा लावलेल्या बाई. त्यांनी अर्ज उलटापालटा केला, आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला. मी मान ताठ करून जिना उतरले. म्हटलं, याला म्हणतात काम.

दीड महिना गेला. मी विसरले पण होते. आणि एका बुधवारी, चौतिसावा भाग. इवली एका यंत्रात अडकते, स्फोट होतो, धूर, आणि धुरातून बाहेर कोण येतं? साडेनऊ फूट! चंदेरी पोशाख, केस घट्ट बांधलेले! खाली पट्टी सरकली, "प्रेक्षकांच्या लेखी मागणीस मान देऊन." मी जमिनीवरून उडाले! ग्रुपवर नुसता दंगा. तळमजल्यावरून काकूंचा आवाज आला, "बांधले गं! बांधले!"

इवलीने एक बस उचलली आणि फेकली. मी टाळ्या वाजवत मागे वळले. बाबा खुर्चीतून उठत होते. भाग अर्धाही झाला नव्हता.

"बाबा, अहो, आत्ताच तर सुरू झालंय."

"हं," म्हणाले आणि आत जाऊन पडले.

पुढच्या बुधवारी आठ वाजले, बाबा आले नाहीत. फोन केला तर म्हणे काम आहे. त्याच्या पुढच्या बुधवारी पण काम. मी एकटी बसून बघितलं. इवलीने आणखी एक बस फेकली. मग एक पूल. आणि मला जांभई आली! साडेनऊ फुटी बाई समोर पूल मोडतीये आणि मला जांभई. ट्रकवाला पण तेच करतो ना. आधी ती कुठे शिरेल, काय बघेल, कुलपात की टाइपरायटरमध्ये की कुणाच्या कानात, याचा जीवाला घोर असायचा. आता काय, बस.

आईला विचारलं, बाबांना झालंय काय? आई भांडी विसळत होती. "तुला कळलं नाही होय?" म्हणाली. "गेली तीस वर्षं लोक त्यांना म्हणतात, एवढंसं तर काम आहे, त्याला आठ दिवस कशाला लागतात. टीव्हीवर पहिल्यांदा कुणीतरी आत शिरून दाखवलं, की एवढंसं म्हणजे किती असतं. आता कुण्या शहाण्याने अर्ज केला म्हणे, मोठी करा."

"आई, तू सही केलीयेस त्याच्यावर."

"मी फोडणीत होते," आई म्हणाली. मग नळ बंद करून माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे तो शहाणा तू?"

आता सांगा, मी काय करणार? दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून त्या भोकासमोर वाकले.

"बाई, तो अर्ज मागे घ्यायचाय."

बाईंनी फाईल काढली, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्यासमोर वाचली. कायमस्वरूपी समजावी. पुन्हा बदल मागणार नाही. याची आम्ही. हमी देतो.

"हे कुणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"सवयीने लिहिलं गेलं हो."

"फार पक्कं लिहिलंय. असा पक्का अर्ज आमच्याकडे आजवर आला नाही. वरच्या साहेबांनी तो सगळ्यांना वाचून दाखवला." मग चष्मा खाली केला. "आता मागे घ्यायचा तर सगळ्या सह्या करणाऱ्यांची लेखी संमती लागेल. दोनशे चौदा. एक कमी असली तरी चालणार नाही."

"अहो, पण काहीतरी वाट असेल ना?"

"उद्या या," बाई म्हणाल्या.

हे वाक्य मी दिवसाला दहा वेळा म्हणते. ते कानाला असं लागतं, मला माहीत नव्हतं, देवाशपथ.

मग काय, परत सगळ्या दारांशी. पहिल्या वेळी लोकांनी सही अशीच केली होती, आता प्रत्येकाला अटी! सेक्रेटरीकाका म्हणाले, ठराव झालाय, तो रद्द करायला वेगळी सभा लागेल, सात दिवस आधी नोटीस. लावली नोटीस. लिफ्टच्या दारावर ठळक अक्षरांत, "साडेनऊ फूट उंचीचा ठराव रद्द करणेबाबत." दोन दिवस वरच्या मजल्याचे लोक मला थांबवून विचारत होते, आपली इमारत पाडतायत का?

काकू तर हलेचनात. "मी नाही सही द्यायची. घरात माझं कोणी ऐकत नाही, मुलगा नाही, सून नाही. त्या वाहिनीवाल्यांनी ऐकलं! केस बांधले!" अर्धा तास बसले त्यांच्या स्वयंपाकघरात. शेवटी संमतीपत्रात लिहिलं, "इवली लहान व्हावी, मात्र केस बांधलेलेच असावेत." तेव्हा कुठे पेन उचललं.

आणि पोलादी. ग्रुपवरचा पोलादी. मी पाठ करून गेले होते काय काय बोलायचं ते. दार उघडलं तर समोर सत्तरीच्या, बारीकशा, सुती साडीतल्या बाई. लायब्ररीत होत्या म्हणे, निवृत्त झाल्या. मी म्हटलं, "पोलादी आहेत का?" तर म्हणाल्या, "मीच. ये आत, चपला तिथे काढ." आणि चहा ठेवता ठेवता एकदम म्हणाल्या, "कंटाळा आलाय गं मला त्या बसेसचा. पण इतक्या जणांसमोर लिहिलंय, आता मागे कशी फिरू?" दोघी मान खाली घालून चहा प्यायलो. सही झाली. यावेळी उद्गारचिन्हाशिवाय.

वीस दिवसांत दोनशे तेरा जमल्या. दोनशे चौदावी कुणाची, कळलं असेल तुम्हाला. मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. खरं सांगू? कागद बाबांच्या इतर कागदांत सरकवून, "इथे एक सही," म्हणून घेता आली असती. दोनदा त्या विचाराने दुकानापर्यंत जाऊन आले. पण ते परत म्हणाले असते, तू लिहिलायस, मग बरोबरच असेल. ते नाही ऐकवलं असतं मला.

गेले. बाबा एका बाईच्या घड्याळाची केसासारखी स्प्रिंग चिमट्यात धरून बसले होते. मी शटरच्या कडेला उभी राहून सगळं एका दमात सांगून टाकलं. खिसा, पोलादी, साडेनऊ फूट, हमी, सगळं. "आणि तुम्ही पण सही केलीयेत," म्हटलं. "मी तुमच्याकडून करून घेतली."

बाबांनी स्प्रिंग खाली ठेवली. भिंग काढलं. भिंगाशिवाय ते मला नेहमी अनोळखी वाटतात.

"वाचायला हवं होतं मी," म्हणाले.

"बाबा, तुमची काय चूक? मी..."

"सही माझीच ना?" मग दोन्ही कागद घेतले, जुन्या अर्जाची प्रत आणि नवी संमती, आणि ओळीवर बोट फिरवत वाचले. मी बोटाकडे बघत होते. हमीच्या ओळीपाशी बोट थांबलं. "यावर मी सही करणार नाही," संमती बाजूला ठेवून म्हणाले.

"रागावलात?"

"नाही गं. हमी दिलीये आपण. माझ्या दुकानातून गेलेलं घड्याळ परत आलं, तर मी गिऱ्हाईकाला काय म्हणतो? हमी मागे घेतो म्हणतो?"

"नाही."

"मग काय म्हणतो?"

"बसा म्हणता."

"आणि?"

"आणि घड्याळ उघडता."

"मग चल," बाबा म्हणाले, "उघडू."

भर दुपारी शटर खाली! शेजारचा कापडवाला धावत बाहेर आला, काय झालं, कोण गेलं? बाबा म्हणाले, "कोणी नाही. टीव्हीवाल्यांकडे जाऊन येतो." तो अजून तसाच उभा असेल.

तिसरा मजला, काच, भोक. आणि गंमत बघा, ते भोक बाबांच्या बरोबर तोंडासमोर आलं. मी शेजारी वाकलेली आणि बाबा सरळ उभे.

"सगळ्या संमती आणल्या?" बाईंनी विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "आम्ही अर्ज मागे घ्यायला आलो नाही. काम बिघडलंय, तेवढं सांगायला आलोय."

"कसलं काम?"

आणि बाबा बोलले. अहो, बाबा बोलले! मी मोजून सांगते, सलग चार मिनिटं. म्हणाले, "सोळाव्या भागात ती रेडिओच्या आत गेली होती. आतल्या धुळीच्या प्रत्येक कणाला वेगळी सावली होती. गंज एका बाजूने जास्त होता, ज्या बाजूने ओल येते त्या. असा गंज कुणी खोटा करत नाही, कुणाला दिसत पण नाही. म्हणजे कुणीतरी माणूस किती दिवस खाली मान घालून बसला असणार. आम्ही हिला मोठी करा म्हटलं. ती साडेनऊ फूट झाली. बस फेकायला रेडिओचं आतलं लागत नाही. मग त्या माणसाला आता काम काय उरलं, एवढंच मला विचारायचंय. माझ्या सहीने त्याचं काम गेलं असेल तर मला ते माहीत असायला हवं."

बाईंनी चष्मा काढला. साखळीवर तो तसाच लोंबत राहिला.

"तो इथेच बसतो," बाई हळूच म्हणाल्या. "दुसऱ्या मजल्यावर. आता त्याला उडत्याच्या मागचे ढग दिलेत."

"ढग?"

"कापसाचे."

मागच्या टेबलावरचा एक जण उठला. "सांगू का, इवली लहान होती तेव्हाच बरी होती." दुसरी म्हणाली, "मुळीच नाही, पण लहान झाल्यावर हिचा आवाज का बारीक होत नाही, ते मला आधी कळू दे." तिसरा म्हणाला, "आणि चपला?" झालं! अख्खा प्रेक्षक संपर्क कक्ष काचेच्या त्या बाजूला भांडायला लागला, आणि मी भोकात तोंड घालून त्यांना चपलांचा ग्रुपवरचा हिशेब समजावतीये, ती आकृतीसुद्धा दाखवली. गडबडीतून बाईंनी एक कोरा कागद बाबांपुढे सरकवला. "जे बोललात ते लिहून द्या. तक्रार नको, अर्ज नको. मी स्वतः वर नेते. वचन देत नाही हं, नेते एवढंच." बाबांनी लिहिलं. इतक्या बारीक अक्षरात की बाईंनी परत चष्मा लावला.

मग आम्ही दुसऱ्या मजल्यावर गेलो. एक टकलू गृहस्थ कापूस पिंजत बसले होते. बाबांनी विचारलं, "गंज कशाने करता?" त्या माणसाने मान वर केली, आणि जसं काही बाबा उशिरा आलेत, अशा आवाजात म्हणाला, "बसा." पुढचा दीड तास मी कापसाच्या पोत्यावर बसून होते. चिमट्यांची टोकं, ब्रशाचे केस, कुठला गोंद वाळल्यावर पिवळा पडतो. निघताना तो म्हणाला, "लेखकांना मी सांगीनच, पण माझं कोण ऐकतं?" बाबा म्हणाले, "माझं पण नाही." आणि दोघं इतके हसले की मला कळेना, यात हसण्यासारखं काय आहे.

त्या बुधवारी आठ वाजता बाबा हातपाय धुऊन खुर्चीत हजर! मी बघतच राहिले. "बघू तरी," म्हणाले, "ढग कसे लावलेत."

चार बुधवार आम्ही ढग बघितले. बाबा आता बोलतात. "डावीकडचा आज जास्त पिंजलाय." "हा घाईत केलाय, जेवायची वेळ झाली असणार." पुढे इवली काय फेकतीये तिकडे आम्हा दोघांचं लक्षच नाही. आई म्हणते, दोघं वेडे झालात.

आणि आता परवाचं ऐका, यासाठी तर तुम्हाला बोलावलंय. परवा इवली एका इमारतीच्या दाराशी उभी. काही होत नाहीये, नुसतं बोलणं चाललंय. बाबा एकदम ओरडले, "थांबव!" मी रिमोट दाबला. बाबा उठले, टीव्हीच्या अगदी जवळ गेले, नाक टेकेल इतके. मग आत जाऊन दुकानाच्या पिशवीतली स्टीलची पट्टी आणली आणि पडद्यावर इवलीच्या हाताला लावली.

"बाही बघ," म्हणाले. "मागच्या बुधवारी मनगटाच्या हाडाच्या वर होती. आज हाडावर आलीये."

"शिंप्याचा घोळ असेल," आई म्हणाली.

"एका बाहीत घोळ होतो. दोन्ही बाह्यांत सारखा?"

मी म्हटलं, "बाबा, कॅमेरा जवळ-लांब होतो ना पण."

"म्हणून तर अंगठ्याशी तुलना करायची," बाबा म्हणाले. "अंगठा तोच, पोशाख तोच."

मी ग्रुपवर टाकलं. माझे बाबा म्हणतात, बाही लांब झालीये. दहा मिनिटांत चारशे माणसं आपापल्या टीव्हीला पट्ट्या लावून बसली! निम्मे म्हणतात शिंपी, निम्मे म्हणतात सुरुवात झाली. पोलादीबाईंनी लिहिलं, "काकांना विचारा, पायांकडे बघितलं का?" सगळे फोनवर विचारतायत, काका काय म्हणतात, काका काय म्हणतात. बाबांनी पुन्हा भाग मागे घ्यायला लावला, पुढे घ्यायला लावला, भिंग डोळ्याला लावून जमिनीवर माझ्याशेजारी मांडी घालून बसले, आणि पट्टी इवलीच्या विजारीच्या काठाला लावली.

"अडीच मिलिमीटर," म्हणाले. "लिही."

"म्हणजे लहान होतीये?"

"हळूहळू," बाबा म्हणाले. "पण होतीये."

आईने आतून विचारलं, "जेवायला वाढू का?"

आम्ही दोघं एकदम म्हणालो, "थांब!"